अकलोलीचे गरम पाणी आणि खालांचा थायरॉईड



भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने निघाले की अंबाडी नाका लागतो. तिथून वज्रेश्वरीकडे वळायचे, आणि जवळच तानसा नदीच्या काठाला अकलोली. गरम पाण्याची कुंडे, गंधकाचा वास, पायऱ्यांवर बसलेली म्हातारी माणसे. थंडीतल्या रविवारी इथे सगळ्या धर्मांचे लोक दिसतात, कारण गुडघा दुखायला लागला की तो कोणाचा आहे हे विचारत नाही. आमच्या घराण्यात तर दादीच्या काळापासूनची रीत आहे: सांधे धरले की अकलोली. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि खिमा घ्यायचा, दुपारपर्यंत पाण्यात पाय सोडून बसायचे आणि असरच्या आधी घरी यायचे.

गेल्या थंडीत आम्ही आमच्या मोठ्या खालांना असेच घेऊन गेलो होतो. खालांचे वय ५४, साखरेचा आजार अकरा वर्षांचा, वजन ८२ किलो. गुडघे दुखतात, अंग जड वाटते, जिना चढवत नाही अशी त्यांची तक्रार होती. कुंडाच्या पायरीवर बसून त्यांनी दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडले. आम्ही पाय घातला आणि लगेच काढला, एवढे पाणी कढत होते. खाला हसल्या. म्हणाल्या, "तुम्हा पोरांना सवय नाही. मला तर छान कोमट वाटतंय."

ते 'छान कोमट' ऐकून आमच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. खाला अर्धा तास तशाच बसल्या. रात्री घरी चपला काढल्या तेव्हा दोन्ही तळव्यांवर रुपयाएवढे फोड आले होते, आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. साखरेमुळे पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. ज्या पायाला चटका कळत नाही, तो पाय आपण थेट गरम पाण्याच्या झऱ्यात बुडवला होता.

ही हकीकत इथेच संपली असती तर या महिन्याचा लेख पायांच्या काळजीवर झाला असता. पण फोडांची मलमपट्टी करायला आम्ही जिथे गेलो, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पायाकडे जितके पाहिले त्याहून जास्त वेळ खालांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग विचारले, "खाला, तुमचा आवाज असा घोगरा कधीपासून झाला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. खरेच, कधीपासून? वर्षभर तरी झाले असेल. सर्दी आहे, वय झाले, असे आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरीणबाईंनी मग एकेक करून विचारले. थंडी जास्त वाजते का? हो, मे महिन्यात पंखा बंद करायला सांगतात. बद्धकोष्ठ? हो. त्वचा कोरडी, केस गळतात? हो. सकाळी डोळ्यांखाली सूज? हो. नमाजला उठताना अंग दुखते, स्नायू आखडतात? हो. विसरायला होते? खालांच्या ऐवजी सुनेने मान हलवली. रक्त तपासले. टीएसएच ३८ आला. निरोगी माणसात तो साधारण ४ ते साडेचारच्या आत असतो. टी-फोर खूप कमी. थायरॉईड ग्रंथी जवळजवळ झोपी गेली होती.

आम्हाला सगळ्यात जास्त टोचले ते हे, की गेले वर्षभर घरात खालांना काय काय ऐकावे लागले होते. 'खाण्यावर ताबा नाही.' 'बसून बसून वजन वाढले.' 'काम नको म्हणून दुखण्याचे निमित्त.' बोलणारे परके नव्हते, आपणच होतो. खालांनी कधी उलट उत्तर दिले नाही, कारण त्यांनाही तेच खरे वाटू लागले होते.

आता थोडे या ग्रंथीविषयी. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण सगळे थायरॉईडच म्हणतात, तेव्हा आम्हीही तेच म्हणू. ती जे रस रक्तात सोडते त्यांवर शरीराच्या कामाचा वेग ठरतो: हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, कोलेस्टेरॉलची विल्हेवाट, मनाचा उत्साह. टीएसएच मात्र या ग्रंथीतून येत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतो. भिवंडीकरांना हे समजावणे सोपे आहे. लूमच्या कारखान्यात कारागीर नीट काम करत असला तर मुकादम गप्प बसतो. कारागीर डुलक्या घेऊ लागला की मुकादमाचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. तो ३८ झाला म्हणजे मुकादम गळा फाडून ओरडतो आहे आणि कारागीर उठत नाही. म्हणूनच ग्रंथीचे काम कमी झाले की टीएसएचचा आकडा वाढतो. पुष्कळजण याचा उलटा अर्थ लावतात आणि 'थायरॉईड वाढला' म्हणतात. वाढलेला असतो तो टीएसएच. थायरॉईड कमी पडलेला असतो.

हा आजार काही विरळा नाही. आठ शहरांत, म्हणजे मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकाता, दिल्ली, अहमदाबाद, बंगळूर आणि हैदराबाद इथे, पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी करून २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ ११ टक्के लोकांचा थायरॉईड कमी काम करत होता. त्यांतल्या साधारण दर तिघांपैकी एकाला हे तोपर्यंत माहीतच नव्हते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण पुष्कळ जास्त होते. दुसरीकडे मधुमेहाचे आकडे पाहा. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये सांगितले की भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढ्या मोठ्या दोन गर्दी एकाच बाजारात फिरत असतील तर त्या एकमेकींना धडकणारच. शिवाय एक दुवा रक्ताचा आहे. लहान वयात होणाऱ्या, इन्सुलिनवरच चालणाऱ्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच स्वादुपिंडावर उलटते. तीच यंत्रणा थायरॉईडवरही उलटू शकते. या दुसऱ्या प्रकाराचे पहिले वर्णन हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. त्यामुळे लहान मुलाला किंवा तरुणाला असा मधुमेह निघाला की थायरॉईडची तपासणी लगेच करावी आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी करत राहावी, असे डॉक्टर सांगतात. मोठ्या वयातल्या मधुमेहात प्रत्येकाला दरवर्षी ती लागतेच असे नाही. पण कोलेस्टेरॉल औषध घेऊनही हटत नसेल, घरात कोणाला थायरॉईड असेल, गळ्यावर सूज असेल किंवा वर खालांना विचारले तसल्या प्रश्नांना 'हो, हो' म्हणावे लागत असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

अडचण ही की दोन्ही आजारांच्या तक्रारी सारख्या आहेत. थकवा, वजन, बद्धकोष्ठ, पायांत मुंग्या, उदासपणा. घरात एकदा साखर आली की हे सगळे साखरेच्या खात्यात जमा होते आणि दुसरे खाते कोणी उघडून बघत नाही.

खालांच्या बाबतीत तर साखरेचाच हिशेब थायरॉईडने बिघडवला होता. गेल्या वर्षी त्यांचा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ८.४ आला. इन्सुलिन वाढवण्यात आले. त्यानंतर पहाटे तीन-साडेतीनला त्या घामाने भिजून उठू लागल्या. छाती धडधडायची, हात कापायचे. आम्ही समजलो वाईट स्वप्ने पडतात. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोमीटर घेऊन पहाटे तपासायला सांगितले, तर साखर ५८. थायरॉईड मंद असला की शरीरात टोचलेले इन्सुलिन हळू निकामी होते, ते जास्त वेळ रेंगाळते, आणि साखर अचानक खाली येऊ शकते. त्यातच थायरॉईड कमी असताना रक्तातल्या तांबड्या पेशी जास्त दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी प्रत्यक्ष साखरेपेक्षा थोडा वर दिसू शकतो. कागदावर साखर जास्त, रात्री अंगात कमी. आकडा पाहून इन्सुलिन वाढवणाऱ्याची चूक म्हणावी तर तसे नाही. टीएसएच कोणी पाहिलाच नव्हता, एवढेच.

कोलेस्टेरॉलचेही तेच. २९० होते. त्याची गोळी चालू होती आणि गोळीनेच मांड्या दुखतात असे आम्हाला वाटत होते. थायरॉईड कमी असलेल्या माणसाला त्या गोळ्यांनी स्नायूदुखी होण्याची शक्यता जास्त असते. आधी थायरॉईड सुधारा, मग कोलेस्टेरॉलचे बघू, असे सांगण्यात आले. चार महिन्यांनी ते २१० वर आले.

औषध म्हणजे काय? ग्रंथी जो रस बनवत नाही तोच गोळीच्या रूपात. नाव लेव्होथायरॉक्सिन. दिवसाला एक-दोन रुपयांचे काम. खालांना सुरुवात २५ मायक्रोग्रॅमने केली, कारण मधुमेह असलेल्या माणसाच्या हृदयाला कधीकधी मुकाट त्रास असतो. झोपलेल्या शरीराला एकदम पळवले तर हृदयावर ताण येतो. मग दर सहा ते आठ आठवड्यांनी तपासून हळूहळू १०० पर्यंत नेले. तपासणी त्याहून आधी करण्यात अर्थ नाही, कारण या गोळीचा परिणाम रक्तात स्थिर व्हायला तेवढे दिवस लागतात. थायरॉईड जसजसा जागा झाला तसतसे खालांचे इन्सुलिन थोडे वाढवावे लागले. हेही आधीच सांगितले होते, म्हणून घरात घबराट झाली नाही.

आणि वजन? सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. चार महिन्यांत चार किलो उतरले. खालांच्या धाकट्या मुलाचा चेहरा पडला. "एवढंच?" एवढेच. थायरॉईड कमी पडल्याने जे वजन वाढते ते बहुधा दोन ते पाच किलोच्या घरात असते आणि त्यात चरबीपेक्षा अंगात साचलेले मीठ-पाणी जास्त असते. तेवढे उतरते. बाकीचे वजन ज्या वाटेने आले त्याच वाटेने जाते. मात्र आवाज मोकळा झाला, चेहऱ्यावरची सूज गेली, आणि एक दिवस खाला जिना चढून वर आल्यावर आम्हाला कळले की त्या मधे थांबल्या नव्हत्या.

आता त्याच घरातली दुसरी बाजू. ही लिहिताना सुनेची परवानगी घेतली आहे, हसू नका अशा अटीवर.

खालांची धाकटी सून २९ वर्षांची. दोन बाळंतपणांनंतर वजन ७८ किलोवर गेले. सासूचे निदान झाल्यावर तिने आपणहून टीएसएच तपासला. ६.२ आला. तिला मनातून बरेच वाटले. कारण सापडले! इतके दिवस सगळे 'खातेस जास्त' म्हणत होते, आता कागदावर आजार होता. खालांच्या बाटलीत १०० ची गोळी होती. सुनेने कोणाला न सांगता रोज एक घ्यायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत तिची झोप गेली, हात थरथरू लागले, स्वयंपाक करताना छाती अशी धडधडायची की ओट्याला धरून उभी राहायची. वजन दीड किलो कमी झाले होते म्हणून तिने तेही सोसले. बाटली लवकर संपली तेव्हा चोरी उघडकीला आली.

गोष्ट अशी आहे की लठ्ठपणात टीएसएच थोडासा वाढणे हा पुष्कळदा वजनाचा परिणाम असतो, वजनाचे कारण नव्हे. अंगातली चरबी मेंदूला संदेश देणारा लेप्टिन नावाचा रस सोडते. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, आणि त्याने मेंदू टीएसएचचा आवाज थोडा चढवतो. कारागीर नीट काम करत असतो, टी-फोर ठीक असतो, फक्त मुकादम उगाच मोठ्याने बोलत असतो. वजन उतरले की आवाजही उतरतो. सुनेचा टी-फोर व्यवस्थित होता. थायरॉईडविरुद्धची प्रतिद्रव्ये तपासली तीही नव्हती. गोळी बंद केली, दोन महिन्यांनी पुन्हा तपासले तर टीएसएच ४.६. मग तिने रात्रीच्या जेवणातला भात निम्मा केला, दिवसातले पाच चहा दोनवर आणले, आणि पहाटे फजरनंतर नणंदेबरोबर पाऊण तास चालायला लागली. भिवंडीत गोडाऊनच्या ट्रकांमधून चालणे म्हणजे वेगळीच कसरत, पण त्या दोघींनी गल्ली शोधली. सहा किलो उतरल्यावर टीएसएच ३.४ आला. गोळीशिवाय.

म्हणजे ६.२ वाल्याने कधीच गोळी घेऊ नये का? तसे नाही. मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर हिशेब वेगळा. गर्भातल्या बाळाचा मेंदू सुरुवातीला आईच्याच थायरॉईडवर वाढतो, म्हणून तिथे डॉक्टर लवकर औषध देतात. जी आधीपासून गोळी घेते तिने दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांकडे जावे, कारण मात्रा बहुधा वाढवावी लागते. टीएसएच १० च्या वर असेल, प्रतिद्रव्ये असतील, गाठ असेल तरीही निर्णय बदलतो. पण पासष्टी ओलांडलेल्या, टीएसएच थोडासाच वाढलेल्या लोकांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गोळीने थकवा कमी झाला नाही. नुसता एक आकडा पाहून जन्मभराची गोळी लावून घेऊ नये, आणि नुसती लाजेखातर ती नाकारूही नये. दुसऱ्याच्या बाटलीतून तर कधीच घेऊ नये.

वजनाविषयी बोलतो आहोत तर पुण्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर या विषयावर काम केले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातले वजन, अगदी सारखे: २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. आपला माणूस बारीक दिसतो तेव्हाही आतून लठ्ठ असू शकतो, असा त्याचा अर्थ. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. शिंप्याचा टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर मोजा, श्वास आत न ओढता. आमच्या घरात मोजले तेव्हा जे 'काटक' म्हणून मिरवत होते त्यांचेच तोंड उतरले.

आता गोळी घेण्याची रीत, कारण पत्रांतून सगळ्यात जास्त विचारणा याचीच असते. ही गोळी उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. चहा-कॉफीने आणि दुधाने ती नीट शोषली जात नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवावी. हे विशेष करून लेकुरवाळ्या बायकांनी लक्षात ठेवावे, कारण त्यांना तिन्ही गोळ्या असतात आणि सोयीसाठी त्या एकदमच घेतल्या जातात. सोयाबीनचेही तसेच. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही, त्यांना उगाच बदनाम केले आहे. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा, नाहीतर अहवाल चुकीचा येऊ शकतो. कलौंजी खाता ती खुशाल खा. गोळी सोडून तिच्यावर भिस्त ठेवू नका.

रमजानचे काय? खालांचा पहिला प्रश्न हाच होता, आजारापेक्षाही आधी. त्यांचे औषध सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांतच रमजान आला. थायरॉईडच्या गोळीपुरते सोपे आहे. दोन रस्ते आहेत. सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून गोळी घ्यावी, मग वुजू, तहज्जुद, आणि त्यानंतर सहरी. किंवा रात्री जेवल्यावर तीनेक तासांनी, तरावीहनंतर काही न खाता झोपताना घ्यावी. यांतला एक रस्ता धरावा आणि महिनाभर तोच ठेवावा. खालांनी पहिला धरला. इफ्तारला खजूर, सरबत, भजी यांच्याबरोबर गोळी गिळली तर ती वाया जाते. रमजाननंतर काहींचा टीएसएच चढलेला दिसतो तो बहुधा याच गोंधळामुळे. एखादा दिवस चुकलीच तर घाबरायचे कारण नाही. ही गोळी अंगात आठवडाभर रेंगाळते, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून भरून काढता येते.

अवघड आहे ते इन्सुलिनचे. मधुमेह असलेल्याने रोजे धरण्यापूर्वी महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून मात्रा आणि वेळ बदलून घ्यावी. रोज्यात साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, यात दुमत नाही. बोटाला टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही असे मत पुष्कळ उलेमांनी दिले आहे, तेव्हा त्या भीतीने तपासणी टाळू नये. खालांना पहाटेची साखर पडण्याचा इतिहास होता म्हणून त्या वर्षी डॉक्टरांनी रोजे नको म्हटले. खाला दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मग आमच्या मामूंनी समजावले की आजारी माणसाला सवलत दिली आहे ती नाकारण्यासाठी नाही. त्यांनी फिदया दिला, आणि घरातल्या सगळ्यांच्या सहरीचा ताबा घेतला. इतकी गरम भाकरी आम्हाला कधीच मिळाली नव्हती.

मिठाचेही थोडे. आयोडीन नसले की थायरॉईड आपला रस बनवू शकत नाही आणि गळ्याला गलगंड येतो. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवून दिले, आणि १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. आपण कोकणातले, भाईंदर-वसईची मिठागरे जवळ, समुद्रकाठी राहतो म्हणून आयोडीन आपोआप मिळते अशी समजूत आहे. मिठागरातल्या खडे मिठात ते पुरेसे नसते. आता सैंधव मिठाची टूम निघाली आहे, त्यातही नाही. सुकी मासळी खारवायला खडे मीठ वापरा, रोजच्या डाळ-सालनात आयोडीनचे वापरा, डबा झाकून ठेवा. पण एकदा हाशिमोतोचा आजार झाला की जास्त आयोडीन खाऊन तो बरा होत नाही, उलट बिघडू शकतो. समुद्री शेवाळाच्या गोळ्या कोणी विकायला आणल्या तर घेऊ नका.

आणि गरम पाणी. साखर असलेल्यांनी अकलोलीला जाऊच नये असे आम्ही म्हणणार नाही. पायाची बधिरता आहे का हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, नायलॉनचा एक जाड धागा तळव्याला टेकवून ते मिनिटात सांगतात. बधिर पाय कुंडात घालू नका. बाकीच्यांनीही पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहावे, आणि ते दुसऱ्या निरोगी माणसाने पाहावे. ५० अंशांच्या आसपासचे पाणी काही मिनिटांत कातडी भाजते, मग ते झऱ्याचे असो की बादलीतले. इन्सुलिन टोचून लगेच गरम पाण्यात बसू नका. उष्णतेने ते भराभर रक्तात जाते आणि साखर पडते. खिशात खडीसाखर असू द्या. घरी आल्यावर तळवे आरशात पाहा, किंवा नातवाला पाहायला सांगा, मुलांना ते काम आवडते.

खालांच्या फोडांना भरून यायला सात आठवडे लागले. एका ठिकाणी कातडी अजून गुलाबी आहे. या थंडीत त्यांनीच अकलोलीचा विषय काढला. आम्ही सगळे गप्प झालो, तर म्हणाल्या, "पाण्यात जात नाही, बाबा. पायरीवर बसेन. वाफ तरी लागेल." गेल्या रविवारी गेलो. खाला बूट-मोजे घालून वरच्या पायरीवर बसल्या, मांडीवर डबा घेऊन. धाकटी सून कोपर बुडवून पाणी पाहत होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ धोतर वर करून पाण्यात पाय सोडायच्या बेतात होते. खालांनी वरून मोकळ्या आवाजात हाक मारली, "काका, साखर आहे का तुम्हाला?"